घरात कोण कोण राहतं?

क्षयरोग केंद्रातून आलेल्या तरुणाने दारात चपला काढता काढताच तेलुगूतून विचारलं, "घरात कोण कोण राहतं?" मावशीचं तेलुगू भाजीबाजारापुरतं आणि काकांना ऐकायला कमी येतं, म्हणून उत्तर मी दिलं. "मावशी आणि काका. गेले आठ दिवस मीही आहे." त्याने तीन नावं लिहून घेतली, खोकला, ताप, वजन यांची चौकशी केली, काकांनी आणि मी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा असं सांगितलं आणि तो गेला. माझं उत्तर शब्दशः खरं होतं. त्या घरात रात्री झोपणारी माणसं तेवढीच होती.

या गोष्टीला दोन वर्षं झाली, पण ते उत्तर डोक्यातून जात नाही. मी भाषांतर करते, तेलुगू आणि इंग्रजीतून मराठीत. सुटं सुटं प्रत्येक वाक्य बरोबर असूनही सगळं भाषांतर चुकलेलं असू शकतं, हे मला या कामामुळे ठाऊक आहे. पण प्रत्येक वाक्य खरं असूनही माणूस खोटं बोललेला असू शकतो का? आणि असलाच, तर त्या खोट्याचा हिशेब त्याने कोणाला द्यायचा? हे प्रश्न मी वर्गात पुष्कळ ऐकले होते. मावशीच्या आजारपणात ते माझ्यावर येऊन पडले.

मावशीचा जन्म हैदराबादेतला. काचीगुडा, सुलतान बाजार या भागातल्या जुन्या मराठी घरांपैकी एक तिचं माहेर. त्या वर्षी डिसेंबरपासून तिला खोकला होता. हवा बदलली, शेजारी बांधकाम चालू आहे, धूळ फार उडते, अशी कारणं आम्हाला सापडत गेली. फेब्रुवारीत संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, अंगावरचे कपडे सैल झाले, तेव्हा थुंकीची तपासणी झाली. फुप्फुसाचा क्षय निघाला. औषधं सुरू झाली. सहा महिन्यांत बरी होशील, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "हे बघ, लोकांना कळता कामा नये."

या वाक्यामागे काय होतं ते मला माहीत होतं. तिच्या लहानपणी तिची एक आत्या विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकडीवर, क्षयाच्या दवाखान्यात गेली होती. ती परत आली, पण माहेरी तिचं ताट-भांडं वेगळं ठेवलं गेलं आणि पुढे घरात तिचं नाव घेणंही बंद झालं. लग्नाच्या बोलणीत 'तुमच्याकडे कोणाला छातीचं काही?' असा प्रश्न आला की माझे आजोबा 'नाही' म्हणत. मावशीचं लग्न त्या 'नाही'वर झालं.

क्षयाला लाज चिकटलेली आहे ती आजची नाही. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची कथा आहे. चंद्राने आपल्या पत्नींपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावला, दक्षाचा त्याच्यावर कोप झाला आणि चंद्र क्षीण होऊ लागला. म्हणजे कथेतला पहिला रोगीच दोषी ठरलेला आहे. सुझन सोंटॅगने १९७८ मध्ये आजार आणि रूपकं यांवर पुस्तक लिहिलं, ते एम.ए.ला आम्हाला नेमलेलं होतं. आजाराकडे आजार म्हणूनच बघावं, त्यावर अर्थ लादू नयेत, हा तिचा आग्रह मला तेव्हा अगदी पटला होता. मावशीच्या घरी मी तो आग्रह धरला नाही. तिथे मला फक्त मावशी दिसत होती, घाबरलेली.

मे महिन्यात दुसरा आजार आला. पलंगाची कड मांडीला लागली. थोडं दुखलं, विशेष काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी पडली, तिसऱ्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत उतरली. आत रक्तस्राव होत होता आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येत होतं. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या सगळ्या तपासण्या मात्र निर्दोष आल्या. दोनदा केल्या, दोन्ही वेळा तेच.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी करून घेतली. ती मला त्यांनी कागदावर चित्र काढून समजावली. जखम झाली की रक्तात फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि त्यांच्या जाळ्यात अडकून गुठळी बनते. सुरुवातीला हे धागे नुसते एकावर एक पडलेले असतात. रक्तातला तेरावा घटक ते एकमेकांना पक्के जोडतो. तो कमी पडला तरी गुठळी वेळेवर होते, पण टिकत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी विरघळते. नेहमीच्या तपासण्या गुठळी व्हायला किती सेकंद लागतात तेवढंच मोजतात, म्हणून त्यांना यातलं काही कळत नाही. लाकी आणि लोरँड या हंगेरियन शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखवून दिलेल्या गोष्टीवर ही जुनी तपासणी उभी आहे. गुठळी युरियाच्या द्रावणात ठेवायची. निरोगी माणसाची दुसऱ्या दिवशीही शाबूत असते. मावशीची सकाळपर्यंत विरघळून गेली होती.

हा घटक जन्मतःच नसणारी माणसं वीस-तीस लाखांत एखादी. मावशीचं तसं नव्हतं. तिच्या शरीरानेच या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती, आणि हेही फार क्वचित घडतं. त्याला निमित्त ठरू शकणाऱ्या मोजक्या औषधांत क्षयाचं एक औषध आहे, आयसोनायझिड. १९५२ पासून ते वापरात आहे, त्याने अगणित लोकांचे जीव वाचवलेले आहेत. डॉक्टरांचा संशय त्याच्यावर होता. ते थांबवून क्षयासाठी दुसरं औषध दिलं. रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून केलेलं क्रायोप्रेसिपिटेट चढवलं. प्रतिपिंडं दाबायला स्टेरॉइड देणं भाग होतं, पण स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते आणि क्षय तर प्रतिकारशक्ती कमी झाली की उसळतो. त्यात क्षयाचंच दुसरं औषध, रिफॅम्पिसिन, स्टेरॉइड शरीरातून लवकर बाहेर काढतं, म्हणून त्याची मात्रा वाढवावी लागते. एका आजाराचा उपाय दुसऱ्याच्या आड येत होता आणि डॉक्टर रोज त्यातून वाट काढत होते.

मावशीने मला विचारलं, "मग यातला मोठा आजार कुठला?" मी तो प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या इंग्रजीत म्हणाल्या की रक्ताचा आजार या आठवड्यात जीव घेऊ शकतो, छातीचा या वर्षात, आणि आपण दोन्हींवर उपचार करतो आहोत. मी मावशीला मराठीत सांगितलं, "रक्ताचा मोठा." मावशीच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं दिसलं. "मग लोकांना रक्ताचंच सांग," ती म्हणाली.

तेव्हापासून पुण्यातल्या, नागपुरातल्या, बडोद्यातल्या नातेवाइकांना रोज संध्याकाळी निरोप लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. रक्ताचा अतिशय दुर्मीळ आजार आहे. रक्त गोठतं, पण गुठळी टिकत नाही. तीन विभागांचे डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लोकांनी आदराने चौकशी केली, कोणी माहिती शोधून पाठवली, कोणी पैसे देऊ केले. दुर्मीळ आजाराला आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. तो कोणाच्या चुकीने होत नाही, तो गरिबीचा नाही, वस्तीचा नाही, त्याचा संसर्ग नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, पण त्यातला आपला कोणी नसतो. पुढे डॉक्टरांनी मावशीची केस एका परिषदेत मांडायला परवानगी मागितली. शीर्षकात दोन्ही आजारांची नावं इंग्रजीत होती. मावशीने आनंदाने सही केली.

आता जे मी आतापर्यंत बाजूला ठेवलं ते सांगते.

मावशीकडे अकरा वर्षं एक बाई कामाला येते. सकाळी साडेसातला येते, चारला जाते. तिची मुलगी आणि जावई दोघंही कामावर जातात, म्हणून चार वर्षांची नात तिच्याबरोबर असते. ही पोर मावशीच्या हातून वरणभात खाते, दुपारी तिच्याच पलंगावर तिला चिकटून झोपते. मावशी खोकत होती त्या डिसेंबर-जानेवारीतही ती तिथेच झोपत होती. क्षयरोग केंद्राचा तरुण आला तेव्हा ती त्याच खोलीत टीव्हीसमोर बसली होती. त्याने तिच्याकडे बघून विचारलंही, "ही?" मी म्हटलं, "कामाच्या बाईची नात." तो बरं म्हणाला. मावशीला काय झालं आहे असं त्या बाईने मला दोनदा विचारलं. एप्रिलमध्ये मी म्हटलं, अशक्तपणा. मेमध्ये म्हटलं, रक्ताचा आजार.

ऑगस्टमध्ये पोरीच्या मानेला गाठ आली. आपल्या जुन्या भाषेत गंडमाळ. तपासणीत क्षय निघाला.

तो मावशीकडूनच आला असं छातीठोकपणे कोणीही सांगू शकणार नाही. या शहरात तो कुठूनही येऊ शकतो. पण क्षयरुग्णाच्या सहवासातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नसेल तरी प्रतिबंधक औषध द्यावं, असा आपल्या देशातल्या कार्यक्रमाचा नियम आहे. ते औषध म्हणजे बहुतेक वेळा आयसोनायझिडच. मावशीला जे बाधलं असावं, त्यानेच ही पोर कदाचित वाचली असती. 'घरात कोण कोण राहतं' हे विचारणारा तरुण त्यासाठीच दारोदार फिरत होता.

मी त्या दोघींबरोबर केंद्रावर गेले. तिथे वेगळी मुलगी होती, पण प्रश्न तोच. घरात कोण कोण राहतं? बाईने बोटांवर मोजलं. मुलगी, जावई, दोन नातवंडं, मी. मग पाचव्या बोटानंतर न थांबता ती म्हणाली, "आणि मी काम करते तिथली अम्मा आणि अय्या." मुलगी म्हणाली, ते नको, घरातले सांगा. बाई म्हणाली, "लेकरू दिवसभर तिथेच असतं." मुलीने विचारलं, तिथे कोणाला खोकला आहे का? बाईने माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं.

परत येताना रिक्षात ती बराच वेळ बोलली नाही. उतरण्याआधी म्हणाली, "अक्का, सांगितलं असतंत तर मी आलेच असते. लेकराला आणलं नसतं."

यानंतर मी माझी बाजू मांडायचा प्रयत्न स्वतःशी पुष्कळ केला. तो प्रामाणिकपणे इथे मांडते, कारण तो अगदीच पोकळ नाही. आजार ही रुग्णाची स्वतःची गोष्ट आहे. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचा. मावशीने मला गप्प राहायला सांगितलं होतं. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सदैव खरं बोलायचं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोर त्याला विचारतात, ती माणसं कुठे गेली? तो खरं सांगतो, माणसं मारली जातात आणि सत्यवचनी कौशिक नरकात जातो. १७९७ मध्ये कांटने नेमक्या उलट बाजूने लिहिलं. मित्राला मारायला निघालेला माणूस दारात येऊन तो कुठे आहे असं विचारत असला, तरी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. विद्यार्थी असताना मी या दोघांना समोरासमोर ठेवून निबंध लिहिला होता आणि महाभारताच्या बाजूने निकाल दिला होता. मावशीच्या घरीही मला वाटत होतं की मी कौशिकाची चूक टाळते आहे.

पण माझ्या दारात उभा होता तो दरोडेखोर नव्हता. तो एक पगारी तरुण होता, उन्हातून स्कूटीवर आलेला, एका चार वर्षांच्या मुलीसाठी गोळ्यांची सोय करू शकणारा. कौशिकाच्या गोष्टीत लपलेल्यांचा जीव मौनावर अवलंबून होता. माझ्या गोष्टीत तिच्या आरोग्याचा प्रश्न बोलण्यावर अवलंबून होता. गोष्ट मला पाठ होती, पात्रं मी चुकीची बसवली. मला खरं म्हणजे धर्मराज आठवायला हवा होता. अश्वत्थामा मेल्याचं तो द्रोणाला सांगतो आणि हत्ती हा शब्द हळूच उच्चारतो. त्याचंही वाक्य शब्दशः खरंच होतं. पण ऐकणाऱ्याने शस्त्र खाली ठेवलं, आणि ते त्याने ठेवावं म्हणूनच ते वाक्य तसं रचलेलं होतं. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली आला. वाक्य खरं की खोटं हे त्यातल्या शब्दांवरून ठरत नाही. ज्याला ते सांगितलं त्याने त्यानंतर काय केलं, आणि तो काय करू शकला नाही, हेही बघावं लागतं. मावशीच्या रक्ताच्या तपासण्याही एकेक करून निर्दोषच आल्या होत्या.

रुग्णाच्या गुपिताचा हक्क मला आजही मान्य आहे. बडोद्याच्या मामेबहिणीला मावशीच्या फुप्फुसात काय आहे हे कळायची काही गरज नव्हती. तिला नुसती उत्सुकता होती. पण जो आपल्याबरोबर एकाच खोलीतली हवा घेतो, त्याच्या बाबतीत ते गुपित एकट्या रुग्णाचं राहत नाही. त्यात त्याच्याही शरीराची बातमी असते. ती त्याला न देणं म्हणजे त्याची वस्तू त्याला न विचारता ठेवून घेणं.

आपण लाजेपोटी करतो ते सगळं निरुपयोगी असतं, हेही मला उशिरा कळलं. १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास झाला. काही क्षयरुग्णांना रुग्णालयात ठेवलं, काहींना गरीब वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधं दिली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका झाला नाही. धोका प्रामुख्याने औषध सुरू होण्याआधीच्या काळातला असतो. तेव्हा आत्याचं वेगळं ताट, अनंतगिरीनंतरचं तिचं न घेतलेलं नाव, यांनी कोणाचंच रक्षण झालं नव्हतं. आजार ताटावाटीने पसरत नाही. सांगितल्याने मात्र रक्षण होतं, आणि नेमकं तेवढंच आम्ही दोन पिढ्या टाळत आलो.

माझी खरी चूक याहूनही साधी आहे. मावशीला मी विचारलंच नाही. 'कामाच्या बाईला सांगू का?' हा प्रश्न माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी गृहीत धरलं. गुपित ठेवायची वेळ आली तेव्हा ती बाई मी 'लोकां'त धरली आणि माणसं मोजायची वेळ आली तेव्हा 'घरा'त धरली नाही. दोन्ही वेळा ती बाहेर. दोन्ही वेळा मराठीचा, तेलुगूचा कोणताही शब्दकोश माझ्याच बाजूने उभा राहिला असता.

मावशी आता बरी आहे. प्रतिपिंडं गेली, क्षयाचा उपचार लांबला पण पुरा झाला. पोरीचंही औषध पुरं झालं, गाठ बसली. ती आता शाळेत जाते. बाई अजून कामाला येते. ती काम सोडू शकत नाही म्हणून येते की आमच्यावरचा राग गेला म्हणून, हे विचारायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

दोघींचे उपचार संपल्यावर मी मावशीला सगळं सांगितलं. केंद्रावरचं, रिक्षातलं. ती ऐकत राहिली. मग माझ्यावरच चिडली.

"मी तुला लोकांना म्हटलं होतं," ती म्हणाली. "ती काय लोक होती?"

नंतर असं म्हणणं सोपं असतं, हे मला कळतं. फेब्रुवारीत विचारलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं, हे तिलाही सांगता येणार नाही. पण तिने वापरलेल्या एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ मी तिला न विचारता लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आली तेव्हा मावशी आपल्या मोडक्या तेलुगूत तिच्याशी स्वयंपाकघरात बराच वेळ काहीतरी बोलत होती. मी भाषांतर करायला उठले नाही.